बसल्या जागेची बातमी

काचेवर बोट होतं. स्वराजचं. काचेच्या आत पिवळ्या कार्डशीटवर प्रांजलची पहिली बातमी लागली होती आणि ती जिन्यावरून उतरता उतरता लांबूनच बघत होती, की कोण थांबतंय, किती वेळ थांबतंय, खाली नावापर्यंत पोचतंय का. बोट मथळ्यावरून सरकलं, पहिली ओळ ओलांडून गेलं. आता नावाकडे येईल असं तिला वाटलं. ते दुसऱ्या ओळीच्या मधोमध थांबलं. दाबलं गेलं. काचेवर त्याच्याभोवती वाफेची बारीक कड उमटली. "हे तर आमचं रान हाय," स्वराज म्हणाला. कुणाला म्हणाला कळलं नाही, कारण फलकापाशी तो एकटाच होता. मग त्याने मोबाईल काढला, फोटो घेतला, आणि वळल्यावर त्याला ती दिसली. "प्रांजल, बापूंना प्रगतशील शेतकरी केलंस राव. लई भारी. घरी पाठवतो." तो हसला. तीही हसली. आणि हसता हसता तिच्या आत काहीतरी खाली बसलं. कळपातलं पहिलं मेंढरू कसं पुढचे गुडघे मोडून बसतं, आणि मग एकेक करत बाकीची बसायला लागतात, तसं.

खोडद : येथील प्रगतशील शेतकरी गेणभाऊ यांच्या ओढ्याकाठच्या, मका निघालेल्या शेतात मुक्कामी असलेल्या एका मेंढपाळाच्या कळपावर बिबट्याने हल्ला करून कोकरू ठार केले. शेजारच्याच कांद्याच्या शेतात महिला मजूर खुरपणीचे काम करत असून परिसरात भीतीचे वातावरण आहे. — प्रांजल, प्रथम वर्ष कला.

बातमीतले 'परिसरात भीतीचे वातावरण आहे' हे शेवटचे चार शब्द तिचे नव्हते. ते संस्कृतीने घातले होते, सवयीने, चहात साखर घालावी तसे. बातमी लागली तेव्हा परिसरात भीतीचं वातावरण नव्हतं. कुणाला माहीतच नव्हतं तर भीती कुठून येणार? पण दुपारपर्यंत आलं. म्हणजे वाक्य आधी आणि वातावरण नंतर. हे कुणाला विचारावं ते तिला कळेना. मराठी विभागाच्या मागच्या खोलीत, बक्षिसांच्या जुन्या ढाली आणि मोडक्या खुर्च्यांच्या मध्ये, वार्ता मंडळ भरायचं. तिथल्या फळ्यावर संस्कृतीने एकदाच लिहून ठेवलेलं आणि कधीच न पुसलेलं: कोण, काय, कुठे, केव्हा, का. संस्कृती तिसऱ्या वर्षाची, नारायणगावची, तिच्या घरचं खताबियाण्याचं दुकान. बोलताना समोरच्याच्या कपाळाकडे बघायची, जणू तिथे शुद्धलेखन तपासतेय. "यातल्या एकाचं जरी उत्तर नसलं तर ती बातमी नाही, गप्पा आहेत. आणि मंडळात यायचं असेल तर एक बातमी घेऊन यायचं. पेपरात आली ती नको. ग्रुपवर फिरतेय ती तर नकोच नको. जी फक्त तुमच्याकडे आहे ती आणा."

फक्त तुमच्याकडे. वसतिगृहाच्या पायऱ्यांवर बसून प्रांजलने आपल्याकडे काय काय आहे ते चाचपून पाहिलं होतं. एकीने बसस्टँडच्या कोरड्या नळाची बातमी आणली, एकाने कॅन्टीनमधला वडा कसा आक्रसत चाललाय त्याची. प्रांजलकडे काही नव्हतं. प्रांजलकडे दिवेलागणीचा एक फोन होता. आबांचा, तिच्या वडिलांचा. "कशी हायेस" नाही, "काय चाललंय" नाही. पहिला शब्द जागेचा. आज माळावर बसलो, बंधाऱ्याखाली. आज रस्त्याच्या कडंला बसलो, उद्या आत शिरू. आज गेणभाऊकडं. मग आई मागून ओरडायची की जेवली का इचारा आदी, आणि आबा विचारायचे, "जेवलीस का?" मेंढरं बसतात म्हणून माणसं बसतात, ज्याच्या रानात बसतात त्याला खत मिळतं, बसणाऱ्यांना ज्वारी, थोडे पैसे, पाणी. इतकं साधं आहे ते. पण चौथीत बाईंनी वहीवर घालायला पत्ता विचारला तेव्हा तिने सरळ सांगितलं होतं, "आज ओढ्याच्या पल्याड, करंजीखाली." वर्ग हसला. बाईंनी 'खोडद' एवढंच लिहिलं. खोडदला त्यांच्या दोन खोल्या होत्या, कुलूप लावलेल्या, आणि त्या खोल्यांच्या मागे लांबवर दुर्बिणीच्या मोठमोठ्या तबकड्या आभाळाकडे तोंड करून उभ्या. मधूनच त्या सगळ्या एकदम वळायच्या. लहानपणी तिला वाटायचं की त्यांना आबा कुठे बसलेत ते माहीत असणार. त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाला ते नीट माहीत नसायचं.

कारण सांगायचंच नसायचं. हे तिला कुणी शिकवलं नाही. घोड्यावर बोचक्यांच्या वर बसवलेल्या पोरीला खालचं सगळं ऐकू येतं. वाटेत कुणीही भेटलं, अगदी ओळखीचं, "कुठं निघालात पावणं?" विचारलं, की आबा काठी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घ्यायचे आणि म्हणायचे, "ह्ये असंच फुडं." पुढे म्हणजे कुठे, ते आईलाही कधीकधी संध्याकाळीच कळायचं. आणि कळपातून काही कमी झालं तर ते ज्याच्या रानात बसलोय त्याला सांगायचं नाही, शेजारच्याला नाही, पाणवठ्यावर नाही. घरात बोलायचं तेही बिबट्या नाही, 'जनावर' म्हणायचं, एवढंच. तो शब्द उच्चारला की आई वाघूर, म्हणजे रात्री मेंढरांभोवती बांधायचं दोरीचं जाळं, एकदा हाताने ओढून बघायची.

तर त्या दिवशी पहिला शब्द जागेचा नव्हता. "एक कोकरू गेलं," आबा म्हणाले. ढवळीचं. मग थांबले. "जनावर. कुत्री भुंकली, उठलो तवर गेलं बी. वाघूर एका बाजूनं सैल ऱ्हायली व्हती. माझ्याच हातची." पलीकडे आई भांड्यावर भांडं आपटत होती. प्रांजलच्या डोळ्यांपुढे ढवळी आली, पांढऱ्या तोंडाची, कान फाटलेली, आपल्या पिलाला हुंगत जाळ्याकडेने फिरणारी. तिला वाईट वाटलं. खरंच वाटलं. आणि त्या वाईट वाटण्याच्या अगदी खालून, ओल्या मातीतून काहीतरी वर यावं तसं, एक वाक्य वर आलं: ही फक्त माझ्याकडे आहे. "जेवलीस का?" आबांनी विचारलं. कुणाला सांगू नको, असं ते म्हणाले नाहीत. म्हणायची कधी वेळच आली नव्हती.

कोण? "मेंढपाळाचं नाव काय?" संस्कृतीने पेन उचलून विचारलं होतं, आणि प्रांजल म्हणाली होती, "नाव नको. ती माणसं घाबरतात."

ती माणसं.

हे दोन शब्द तिच्या तोंडातून इतके सहज आले होते की नंतर, आंघोळीच्या बादलीपुढे, बसमध्ये, तासाला, ते पुन्हा पुन्हा आठवले आणि दर वेळी ते दुसऱ्याच कुणाच्या आवाजात ऐकू आले. संस्कृती मात्र खूश झाली होती. "बरोबर. बातमी देणाऱ्याचं नाव राखायचंच असतं. पण मग कुठे ते पक्कं पाहिजे. नाव नाही, जागा नाही, मग छापायचं काय, हवा?" आणि प्रांजलने जागा दिली. भरभरून दिली. नाव झाकलं होतं ना, मग आता काय? गाव दिलं, मालक दिला, ओढा दिला, मका निघालेलं रान दिलं, शेजारचा कांदा दिला. करंजीचं झाडही दिलं होतं, ते संस्कृतीने जागा पुरत नाही म्हणून काढलं. लिहिताना तिला अभिमान वाटत होता. एवढ्या बारकाईने जागा सांगणारं त्या खोलीत दुसरं कुणी नव्हतं. कॉलेजात माणूस नावाने ओळखला जातो. हजेरीत नाव, ओळखपत्रावर नाव, बातमीखाली नाव. तेव्हा नाव झाकलं की माणूस झाकला, असं तिला अगदी मनापासून वाटलं होतं. बिरदेव हे आबांचं नाव छापलं असतं तर त्यांचं काय गेलं असतं? काहीच नाही. बिरदेव नावाचे पाच जण एका जत्रेत भेटतात. हे तिला जिन्यावर कळलं, स्वराजचं बोट बघताना. बोट बरोबर तिथे थांबलं होतं जिथे आबा बसले होते.

दुसऱ्या दिवशीच्या फोनला आबा म्हणाले, "गेणभाऊकडंच. आज बाया आल्या न्हाईत खुरपायला." एवढंच. तिसऱ्या दिवशीही तेच. त्यांना माहीत होतं की नव्हतं? आवाजावरून कळत नव्हतं. आबांचा आवाज मेंढरांशी बोलून बोलून सपाट झालेला, त्यातून काही काढता येत नसे. तिने रविवारची वाट पाहिली आणि एसटीने खोडदला गेली.

फाट्यावर उतरली तर कोंडाबाई. शेजारच्या वाडीची, बायकांची टोळी घेऊन रोजाने जाणारी, तंबाखूने काळे पडलेले दात, हातात खुरप्यांची पिशवी. "तूच ना ग बिरदेवची?" प्रांजलने मान हलवली आणि शिव्या ऐकायची तयारी केली. कोंडाबाईने तिच्या दंडाला धरलं. "बरं केलंस लिवलंस ते. आमच्या फोनवर आलं, नातवानं वाचून दावलं. माझी सून त्याच कडंला वाकून खुरपत व्हती. पोटुशी हाय. वाकलेलं माणूस त्याला माणूस वाटत न्हाई, ठावं हाय का तुला?" ठाऊक होतं. या भागात सगळ्यांनाच ठाऊक असतं. "तुझ्या बापानं सांगाया पायजे व्हतं," कोंडाबाई म्हणाली, रागाने नाही, भाजी महाग झाली असं सांगावं तसं. "रोज दुपारचा चा आमी तुझ्या आयेच्या चुलीवर पीत व्हतो. तिनं बी न्हाई सांगितलं. चा दिला, साखर दिली, हे न्हाई सांगितलं." मग दंड सोडून ती म्हणाली, "शीक. लई शीक," आणि दुसऱ्या कुणाच्या तरी रानाकडे निघून गेली.

म्हणजे बरं केलं. प्रांजल बांधावरून चालत होती आणि तिला बरं केलं हे शब्द धरून ठेवायचे होते, पण ते हातातून निसटत होते. आपण त्या सुनेसाठी लिहिलं होतं का? नाही. सून तिला माहीतसुद्धा नव्हती. 'महिला मजूर' हे तिने वाक्य भरायला घातलं होतं. समजा वाक्य त्याशिवाय भरलं असतं तर? एखादी चांगली गोष्ट आपल्या हातून झाली आणि ती करताना आपलं तोंड दुसरीकडेच होतं, तर ती आपली धरायची का? आणि आबांचं? आबा काही बोलले नाहीत, ते वाईट होतं का? ते जन्मभर बोलले नव्हते. त्यांचे आबा बोलले नव्हते. न बोलण्यावरच तर त्यांना दर वर्षी रान मिळत गेलं. त्या सुनेकडे त्यांचंही तोंड नव्हतं. त्यांचं तोंड वाघुरीकडे होतं.

पलीकडच्या तबकड्या पूर्वेला कलल्या होत्या. मका निघालेल्या रानात मेंढरं बसली होती आणि शेजारी कांद्याच्या वर गवत आलं होतं. गेणभाऊ, स्वराजचे बापू, बांधावरच भेटले. पांढरी टोपी, पायात गमबूट, बोलणं नेहमीसारखं गोड. "ये ग लेखिका. मला प्रगतशील केलंस, आता गवात बी प्रगतशील झालंय बघ." प्रांजलने कांद्यातल्या गवताकडे पाहिलं. "चेष्टा करतोय. बस. तू पाळण्यात व्हतीस तवापासनं तुझा बाप ह्याच रानात बसतोय. मी त्याला ऊठ म्हणत न्हाई. पण बाया येईनात. मेंढरं हायेत तवर जनावर येणार, आन जनावर येणार तवर बाया न्हाई येणार. कांदा गेला का मी गेलो." त्यांनी एक गवताची काडी उपटली आणि तिच्याकडे बघत ती तोडत राहिले. "दोन वळी टाका. खुलासा म्हणत्यात ना तुमच्यात? स्वराज म्हणला. बिबट्या न्हवता, भटकं कुत्रं व्हतं, असं. कुत्र्याला कोण भीत न्हाई. बाया बी येतील, तुझा बाप बी बसंल. कुणाचं काय गेलं?"

"लिही की," आई म्हणाली. ती चुलीपुढून उठलीही नव्हती. गेणभाऊंचं म्हणणं तिच्या कानावर आधीच आलं होतं. "दोन वळी तर लिहायच्यात. तुला काय लागतंय, शाई?" तिने भाकरी उलटली. "जनावर आलं तवा रांडंचं कोकरू घेऊन गेलं. तू लिवलंस तर रानच घेऊन चाललीस." आणि लगेच, त्याच आवाजात, "बस, गरम हाय, खा." आबा मेंढराचा पाय मांडीवर घेऊन खुरातला काटा काढत होते. ते वर बघत नव्हते. प्रांजलने भाकरीचा तुकडा मोडला आणि वाट पाहिली. त्यांनी म्हणावं, लिही. किंवा म्हणावं, लिहू नको. एक काहीतरी त्यांनी म्हणावं म्हणजे मग ते त्यांचं होईल, तिचं राहणार नाही. काटा निघाला. त्यांनी तो बोटावर धरून पाहिला, लांब फेकला, मेंढराच्या पाठीवर थाप मारून त्याला सोडलं. "शेवटची गाडी चुकंल तुजी," ते म्हणाले.

परतीच्या गाडीत तिने तो खुलासा मनात लिहून पाहिला. लिहिणं खूप सोपं गेलं, हीच त्यातली भीती. *खोडद येथे बिबट्याने कोकरू ठार केल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले होते. तथापि तो बिबट्या नसून* — इथपर्यंत यायचं, गाडी खड्ड्यातून जायची, आणि 'नसून' नंतर कोंडाबाईची सून वाकून बसलेली दिसायची, पाठीकडून, चेहरा नाही, पदर कमरेला खोचलेला, हळूहळू कडेकडेने सरकत जाणारी. पुन्हा सुरुवात. *तथापि तो बिबट्या नसून* — आबा वाघूर गुंडाळताहेत. पुन्हा. *तथापि तो* — शेजारच्या सीटवरची बाई म्हणाली, "काय पुटपुटतीस ग? परीक्षा हाय का?" "हो," प्रांजल म्हणाली.

वार्ता मंडळात स्वराज आला तेव्हा त्याने कुणाकडे बघितलं नाही. तो मंडळाचा नव्हता. दारातच उभा राहिला. "बापू म्हणत्यात खुलासा लावा. ते जनावर बिबट्या न्हवतं." प्रांजल कुणाची कोण हे त्याला माहीत होतं आणि त्याने ते सांगितलं नाही, याबद्दल तिला त्याचे आभार मानायचे होते आणि मानता येत नव्हते. संस्कृतीने खडू खाली ठेवला. "खुलासा चुकीच्या बातमीचा असतो. बातमी चुकीची आहे का?" "ते मला काय माहीत? मी काय वाघ मोजायला जातो का?" कुणीतरी हसलं. संस्कृती हसली नाही. ती प्रांजलच्या कपाळाकडे बघत होती. "तुला बातमी कुणी दिली? त्या मेंढपाळानेच ना? नंबर आहे? मग लाव फोन. स्पीकरवर. सगळ्यांसमोर विचारू. तो नाही म्हणाला तर खुलासा लावू. हो म्हणाला तर स्वराज, बापूंना नमस्कार सांग."

तिला नाही म्हणता आलं असतं. फोन बंद असतो त्यांचा, असं म्हणता आलं असतं. 'ती माणसं' म्हणता आलं तर हे काय अवघड होतं? पण हात आधीच चालला होता. पडद्यावर 'आबा' असं नाव आलं आणि तिने ते अंगठ्याने झाकलं. घंटी वाजू लागली. खोलीत सात-आठ जण, ढाली, फळ्यावर ते पाच शब्द. तिने मोबाईल टेबलावर ठेवला आणि त्याच क्षणी तिच्या लक्षात आलं की आपण फोन नेमका कोण म्हणून करतोय ते ठरवलंच नाही.

"हां बाय. जेवलीस का?"

 कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. संस्कृतीची नजर पहिल्यांदा कपाळावरून खाली, डोळ्यांपर्यंत आली. "जेवले," प्रांजल म्हणाली. मग म्हणाली, "आबा, मी कॉलेजातनं बोलतीय. इथं सगळी बसल्यात. ऐकत्यात." तिकडे मेंढरं ओरडत होती, खूप, एकाच वेळी. "बरं," आबा म्हणाले. "आबा, इचारायचं व्हतं. त्या दिशी आपल्यात जे आलं व्हतं... ते काय व्हतं?"

 ती वाट पाहत होती आणि वाट पाहताना तिच्या मनात काय होतं ते तिला नंतरही धड सांगता आलं नाही. कुत्रं म्हणा. नको, म्हणू नका. म्हणा. तुमचं रान आहे, तुम्ही म्हणालात तर मी खोटी ठरेन आणि तुम्ही बसाल, मला चालेल. नाही, मला चालणार नाही.

"तू काय लिवलंस?" आबांनी विचारलं.

"बिबट्या व्हता असं."

"मग झालं की," ते म्हणाले. "लिवलंस ना? मग मला पुन्यांदा कशाला इचारतीस? ठेव. घोड्यावर लादायचंय."

फोन बंद झाला. स्वराज दारातून निघून गेला. संस्कृती फळ्याकडे वळून, पाठमोरीच म्हणाली, "मला सांगायचंस ना ग." तिच्या आवाजात राग होता का वाईट वाटणं होतं? दोन्ही असेल. प्रांजलला मात्र ऐकू येत होती ती ओरडणारी मेंढरं. बसलेली मेंढरं तशी ओरडत नाहीत. फोन लागला तेव्हाच ती उठलेली होती. म्हणजे तिने काही विचारायच्या आधीच आबांनी रान सोडलं होतं. खुलासा लागो न लागो, त्यांना तो नको होता. तिने लिहिलेलं खरं राहावं म्हणून त्यांनी रान सोडलं, की गेणभाऊंची अडचण होऊ नये म्हणून, की बायांची तोंडं त्यांना बघवेनात म्हणून? का. फळ्यावरचा शेवटचा शब्द.

त्यानंतर दिवेलागणीचे फोन येत राहिले. एकही चुकला नाही. फक्त त्यांचा पहिला शब्द बदलला. "हां बाय. बरंय. जेवलीस का?" चारा कसा आहे ते सांगायचे, ढवळी खायला लागली ते सांगायचे, घोड्याच्या नालाचं सांगायचे. पहिल्या दिवशी तिने विचारलं, "कुठं बसलाय?" आबा म्हणाले, "बसलोय की." आवाज तसाच, सपाट, मायेचा. वाटेत भेटलेल्या पाहुण्याला द्यायचं उत्तर त्यांनी तिला दिलं होतं, थोडं मऊ करून. तिने पुन्हा विचारलं नाही. विचारणं हे आता तिचं काम झालं होतं ना, म्हणूनच विचारता येईना. वसतिगृहाच्या खिडकीतून डोंगराची एकच कड दिसे. पूर्वी त्या कडेमागे कुठेतरी एक नेमकी जागा असायची, आज बंधारा, उद्या माळ, आणि तिचं मन तिथे जाऊन टेकायचं. आता सगळं सारखंच झालं. आबा सगळीकडे होते, म्हणजे कुठेच नव्हते. मुली जेवायला हाक मारायच्या तेव्हा तिला क्षणभर कळायचं नाही की उठायचं ते कुठून.

ती मंडळ सोडेल असं सगळ्यांना वाटलं होतं. तिलाही. पण ती जात राहिली. बसस्टँडचा नळ सुरू झाला त्याची बातमी तिने केली, त्यात जागा दिली, वेळ दिली. नळाला काही फरक पडत नव्हता.

फोन एकदा भरदुपारी आला. मंडळ भरलेलं. संस्कृती पुढच्या अंकाचं बोलत होती, म्हणत होती की बिबट्याच्या बातमीचं पुढे काय झालं ते लोकांना हवंय. आणि मोबाईल थरथरला. ती खिडकीपाशी गेली. "हां बाय," आबा म्हणाले. "आज लवकर केला. तिकडं रेंज नसती सांजच्याला." तिकडं. एवढंच. मग चाऱ्याचं सांगितलं. त्यांच्या मागे पाणी पडत होतं. नळाचं नाही, ओढ्याचंही नाही, उंचावरून एकसारखं पडणारं. आणि पाण्याच्या पलीकडे घंटा. एक. मग लहान मूल उचलून वाजवायला लावतात तशी अडखळत दुसरी. लाउडस्पीकरवर कुणीतरी भाविकांना चपला रांगेत काढायला सांगत होतं. तिच्या तळपायांना कळलं. ओझर, गणपतीचं. धरणाच्या खालच्या अंगाचं रान. ती तिथे गोवराने तापली होती आणि आई तिला पाठीवर बांधून तीच घंटा ऐकवत फिरली होती.

तिला जागा कळली. आणि कळल्याबरोबर, पूर्वीसारखं तिथे मन टेकण्याऐवजी, तिथल्या कुठल्यातरी वाफ्यात कुणीतरी वाकून बसलेलं तिला दिसलं. पाठीकडून. चेहरा नाही. फळ्यासमोर संस्कृती थांबली होती. तिने हळूच विचारलं, "वडील का? कुठे असतात ग आता?"

प्रांजलने पहिल्या प्रश्नाला होकाराची मान हलवली. तिने मोबाईल कानाशी आणखी दाबला. कुठं, हा शब्द तिच्या जिभेवर नव्हता. दुसराच काहीतरी होता.

"आबा, तिथल्या बायांना सांगितलं का तुमी?"

पाणी पडत राहिलं. घंटा थांबली.

"सांगितलं," आबा म्हणाले. "पहिल्याच दिशी. मागं कोकरू गेलंय म्हणलं, वाकताना मागं बगत जा." मग जरा वेळाने, जणू दुसऱ्या कुणाबद्दल बोलावं तसं, "एकानं रान न्हाई दिलं मग. म्हणला, पुढं जा. दुसऱ्यानं दिलं. सोताची वाघूर आणून दिली त्यानं, जुनी हाय, पण हाय."

"बरं," प्रांजल म्हणाली.

"जेवलीस का?"

"न्हाई अजून."

"जेव."

मग ते बोलले नाहीत. पण फोन बंद झाला नाही. सवयीप्रमाणे त्यांनी तो बंडीच्या खिशात टाकला असेल, बंद करायचं राहिलं असेल. की राहू दिलं असेल. कापडाची घासाघीस आली, काठीचा आवाज, एका मेंढराचं खोकणं. मागून पाणी. आईचा आवाज, लांबून, काय म्हणाली ते कळलं नाही. संस्कृती अजून तिच्याकडे बघत होती, हातात खडू घेऊन.

"काही बातमी?" तिने विचारलं.

"नाही," प्रांजल म्हणाली, आणि फोन कानाला तसाच धरून उभी राहिली.